पाटी वाचा, हसा, पण पुसू नका

मंडळी, गेल्या आठवड्यात एसटीनं सांगलीला गेलो होतो. मोबाईलची बॅटरी गावाच्या वेशीवरच संपली, त्यामुळं नाइलाजानं खिडकीबाहेर बघावं लागलं. बऱ्याच वर्षांनी लहानपणासारखा रस्त्यावरची दिसेल ती पाटी वाचत गेलो. दीड तास कसा गेला कळलं नाही.

पहिलीच पाटी एका चहाच्या टपरीवर. ‘आमची कोठेही शाखा नाही.’ टपरीला दोन बाजूंना भिंतीसुद्धा नव्हत्या, शाखा कुठून येणार? पुढं एका किराणा दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’. ही पाटी माझे आजोबा वाचत होते, मी वाचतोय, तो उद्या काही अजून उजाडलेला नाही. वळणावर रस्त्याचा एक फलक होता. त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर कुणा ‘भावी आमदारां’च्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला. साहेब हात जोडून हसतायत आणि त्यांच्या हनुवटीखाली सरकारी अक्षरांत एवढंच दिसतंय : ‘पुढे धोका आहे’.

मी एकटाच हसतोय हे बघून कंडक्टरनं विचारलं, “काय झालं साहेब?” मी पाटी दाखवली. तो म्हणाला, “पाटी लावल्याशिवाय माणूस ऐकत न्हाई, आन् लावली की वाचत न्हाई. आमच्या गाडीतच बघा की.” बघितलं. ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असं जिथं लिहिलंय, बरोबर तिथं कुणीतरी कांद्याची दोन पोती रचून ठेवलेली.

पाट्या म्हटलं की लोकांना पुणेरी पाट्या आठवतात. त्यांच्यावर पुस्तकं झाली, प्रदर्शनं झाली, आता त्यांना आमच्या लाइकची गरज नाही. मला बोलायचंय ते साध्या, बिननावाच्या पाट्यांबद्दल. कारण कंडक्टरचं ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं आणि एक गोष्ट लक्षात आली. कुठलीही पाटी उगाच लागत नाही. तिच्याआधी काहीतरी भानगड झालेली असते. ‘येथे थुंकू नये’ याचा अर्थ लोक तिथं थुंकतात. ‘चालत्या गाडीतून उतरू नये’ याचा अर्थ कुणीतरी उतरलाय आणि पडलाय. ‘बेवारस वस्तूला हात लावू नये’ हे वाक्य आपण सहज वाचून सोडतो, पण त्याच्यामागं १९९३ ची मुंबई आहे, २००६ च्या लोकलगाड्या आहेत. इतिहासाची पुस्तकं राजे काय म्हणाले ते सांगतात. लोक कसे वागत होते आणि कशाला भीत होते, ते पाटी सांगते.

आणि हे आजचं नाही. आपल्याकडची धमकीची पाटी किमान हजार वर्षांची जुनी आहे.

कोकणात फिरताना कधी देवळाच्या आवारात, कधी शेताच्या बांधावर एक उभा दगड दिसतो. वर चंद्र-सूर्य, मधे कधीकधी चार ओळींचा लेख आणि खाली एक बाई आणि गाढव. याला म्हणतात गद्धेगाळ. शिलाहार आणि यादवांच्या काळातले असे दगड पुष्कळ सापडलेत. राजानं किंवा अधिकाऱ्यानं एखादी जमीन देवळाला, ब्राह्मणाला किंवा गावाला दान दिली की हा दगड रोवायचे. चंद्र-सूर्याचा अर्थ, ते आकाशात आहेत तोवर हे दान कायम. आणि खालच्या चित्राचा अर्थ, जो कुणी हे मोडेल त्याच्या आईला गाढव लागो. स्पष्ट लिहितोय, माफ करा, पण दगडावर याहून स्पष्ट कोरलंय. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून तर चित्र.

अलिबागजवळ अक्षी गावात असाच एक लेख आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावरचा शक ९३४ असा वाचला, म्हणजे इसवी सन १०१२. काही अभ्यासकांचं त्यावर दुमत आहे, पण मराठीच्या सगळ्यात जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. त्याच्याही शेवटी ती गाढवाची शिवी आहेच. आपली भाषा दगडावर नुकती कुठं उभी राहत होती, तेव्हाच तिला शिवी द्यावी लागली. का? कारण देवळाच्या जमिनीवर अतिक्रमण करणारे तेव्हाही होते! राजाच्या शिपायाला ते भीत नसावेत, म्हणून गाढव आणावं लागलं. गुन्हा करणार बाप्या आणि शिक्षा त्याच्या आईला, ही आपली सवयही तेवढीच जुनी. तिच्यावर हसू येत नाही.

गंमत म्हणजे ते गाढव अजून नोकरीवर आहे. आमच्या स्टँडच्या मागच्या भिंतीवर रंगवलंय, ‘येथे लघवी करणारा गाढव आहे’. हजार वर्षांत चंद्र-सूर्य पुसले गेले, दान देणारे राजे गेले, पण गाढव टिकलं. आणि भिंत ओलीच आहे.

हा अक्षीचा दगड कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला ऊन-पावसात पडून होता. लोक त्याला वळसा घालून समुद्रावर जायचे. इतिहासप्रेमींनी ओरड केली म्हणून त्याच्याकडं लक्ष गेलं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता माझ्या लहानपणची पाटी. वय वर्षं चाळीसच्या पुढं असाल तर तुम्हीही वाचली असेल. गावातल्या चावडीच्या भिंतीवर पुसट झालेली अक्षरं होती : ‘देवीचा रोगी कळवा, १००० रुपये मिळवा’. मी नुकता जोडाक्षरं वाचायला शिकलो होतो. ‘देवीचा रोगी’ म्हणजे देवीचा भक्त असणार असं मी ठरवून टाकलं आणि आजीला जाऊन म्हणालो, “आपल्या गावात देवीचे लई भक्त हायेत, नावं देऊन येऊ, हजार रुपये मिळतील.” आजी हसली. मग म्हणाली, “आता न्हाई रं मिळायचं. रोगच गेला.” आणि माझा हात धरून स्वतःच्या गालावरून फिरवला. आजीच्या चेहऱ्यावर खड्डे होते. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना असतातच. त्या दिवशी कळलं की ते देवीचे व्रण होते, आणि त्याच साथीत तिचा धाकटा भाऊ गेला होता.

त्या पाटीचा इतिहास असा. देवीच्या निर्मूलनाची मोहीम शेवटच्या टप्प्यात आली तेव्हा अडचण वेगळीच झाली. लस होती, माणसं होती, पण कुठल्या वाडीत, कुठल्या झोपडीत रोगी आहे हे कळत नव्हतं. घरचे लपवायचे. देवी ‘आली’ म्हणायचे, दवाखान्यात न्यायचं तर कोप होईल म्हणायचे. म्हणून आरोग्य खात्याचे लोक घरोघर फिरले आणि कळवणाऱ्याला बक्षीस ठेवलं. आधी थोडकं होतं, रोगी कमी होत गेले तशी रक्कम वाढत गेली आणि १९७५ मध्ये हजारावर गेली. म्हणजे बघा, बक्षीस जेवढं मोठं तेवढा रोग लहान झालेला. आपल्या देशात लागण झालेला शेवटचा रोगी मे १९७५ मधला. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगानं भारत देवीमुक्त असल्याचं मान्य केलं आणि १९८० मध्ये सगळ्या जगातून रोग गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. मी ती पाटी वाचली तेव्हा रोग जाऊन दहा वर्षं होत आली होती. आपलं काम पूर्ण झाल्यावरही भिंतीवर उभी असलेली ती पाटी होती. अशा पाट्या फार थोड्या.

एसटीच्या पाट्यांनाही असाच इतिहास आहे. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली. तेव्हापासून गावोगावच्या माणसांना छापील मराठी जर कुणी रोज वाचायला लावली असेल तर ती एसटीनं. माझ्या ओळखीतले एक मळेकरी काका शाळेची पायरी चढले नाहीत, पण बसची पाटी वाचता यावी म्हणून अक्षरं शिकले. ‘विनंती थांबा’ हा शब्दच बघा. दोनच शब्द, पण आमच्यासारख्या आडगावच्या लोकांचं राज्यकारभाराशी असलेलं सगळं नातं त्यात आलं. हात केला तर थांबेल. नाही थांबली तर विनंतीच होती, हुकूम नव्हता.

ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ घ्या. त्यातला ‘ओके’ कुठून आला याच्या कथा ड्रायव्हर लोकांकडं ढीगभर आहेत. कुणी सांगतो, महायुद्धात डिझेलची टंचाई होती, ट्रक केरोसीनवर चालायचे, भडका उडू नये म्हणून मागच्याला सावध करायला लिहायचे. कुणी म्हणतो, ती एका साबणाची जाहिरात होती. खरं-खोटं ट्रकला ठाऊक. पण २०१५ मध्ये आपल्या सरकारनं ते लिहायला बंदी घातली, कारण काय तर त्यामुळं लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. बंदी आली, अक्षरं अजून दिसतात, आणि हॉर्न तर कुठलीच पाटी न वाचता वाजतोच आहे.

इथवर हसण्यासारखं. पण पाटीवरून डोकी फुटतात हेही आपल्या भागानं बघितलंय. बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ असा फलक होता. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, गाव नकाशात पलीकडं गेलं, पण फलकानं ते मान्य केलं नाही. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून प्रशासनानं तो काढला. गावकऱ्यांनी पुन्हा उभा केला. पोलिसांनी पुन्हा पाडला आणि मग घराघरात शिरून लाठीमार झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. कायद्याची बाजू कोणती, भावनेची कोणती, हा वाद इथं घालत नाही. मुद्दा एवढाच की चार शब्दांच्या पाटीसाठी माणसं मार खातात, कारण त्यांना माहीत असतं की पाटी गेली की तिच्यामागची गोष्टही हळूहळू जाते.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तिथं येतो.

सांगलीला पोचलो तेव्हा आयर्विन पुलावर उतरलो. १९२९ चा पूल. त्यावर पाण्याची उंची मोजायला फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. जगातली सगळ्यात छोटी पाटी असेल ती, एक अक्षर नाही, नुसते आकडे. पण जुलै-ऑगस्टमध्ये अख्खी सांगली तीच वाचते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पोरं शाळेचे पाढे विसरतील, हे दोन आकडे विसरत नाहीत. कोल्हापूरकरांना तसेच राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनवर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रात्री दोन वाजता लोक एकमेकांना फोन करून एकच विचारायचे, “किती फूट?”

हे सांगलीचं. आमचं गाव लहान, आमच्याकडं आयर्विन नाही. पण आमच्याकडं एक रेघ होती.

२००५ चा पूर ओसरला तेव्हा गावातल्या एका पेंटरनं, कुणी न सांगता, मंडईच्या कोपऱ्यावरच्या भिंतीवर पाणी जिथवर आलं होतं तिथं लाल रंगानं आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, ‘पुराचे पाणी, ऑगस्ट २००५’. उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढ्यावर. पोरं तिथं उभी राहून आपली उंची मोजायची. ‘मी बुडलो असतो, तू वाचला असतास’ असा खेळ चालायचा.

काही वर्षांनी गाव सुंदर करायची टूम निघाली. भिंती रंगवल्या गेल्या. ती भिंतही रंगवली. झाडं, मोर, उगवता सूर्य आणि ‘स्वच्छ गाव, सुंदर गाव’. कुणी ठरवलं, कुणी रंगवलं, यात जात नाही. कारण या गुन्ह्यात एक आरोपी मी आहे. त्या भिंतीचा फोटो काढून बातमी मीच दिली होती. ‘मंडईच्या भिंतीचे रूप पालटले’, असा मथळा. रेघ गेली हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं. मंडईत लोक गोळा झाले आणि एकच प्रश्न, “२००५ ला कुठवर आलं होतं?” एक म्हणाला गुडघ्याला, एक म्हणाला कमरेला, तिसऱ्याचं म्हणणं मंडईत आलंच नव्हतं. चौदा वर्षांत आठवण अशी विरघळते. त्यातच एक तरुण दुकानदार होता, भुसार मालाचं दुकान, नुकतंच कर्ज काढून टाकलेलं. त्यानं कमरेवाल्याचं ऐकलं. माल कमरेच्या वरच्या फळीवर चढवला, कुलूप लावलं आणि बायकापोरांना घेऊन पाहुण्यांकडं गेला. पाणी २००५ च्याही वर गेलं. आठ दिवसांनी शटर उघडलं तेव्हा भिजून कुजलेल्या धान्याचा वास चौकापर्यंत आला होता. तो मला म्हणाला, “दादा, ती रेघ असती तर मी माल गाडीत घालून नेला असता.” मी त्याची बातमी केली. रेघ पुसल्याची बातमी मी केली होती, हे त्याला सांगितलं नाही. आज इथं सांगतोय.

जपानमध्ये आनेयोशी नावाचं किनाऱ्यावरचं छोटं गाव आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर तिथल्या लोकांनी चढावर एक दगड रोवला आणि त्यावर कोरलं, या जागेच्या खाली घरं बांधू नका. पोरा-नातवंडांनी ऐकलं. २०११ ला त्याहून प्रचंड लाट आली. ती त्या दगडाच्या खालीच थांबली. वरची घरं वाचली. त्यांनी दगडावर गाढव कोरलं नव्हतं, तरी लोकांनी ऐकलं. आपल्याकडं सावित्री नदीवरचा महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, दोन एसटी बसगाड्या आणि त्यातली माणसं गेली. त्यानंतर तरी ओढ्या-नाल्यांवरच्या ‘पुलावर पाणी असताना वाहन नेऊ नये’ या पाट्या आपण नीट वाचतो का, प्रत्येकानं स्वतःला विचारावं.

तर मंडळी, हसण्यावारी सुरू केलेली पोस्ट इथं आली. पाटी वाचून हसा, जरूर हसा, फोटो काढून ग्रुपवर टाका. पण हसून झालं की एकदा विचारा, ही का लावावी लागली असेल? आणि रंगकाम, रुंदीकरण, सुशोभीकरण असलं काही निघालं की ब्रश लागायच्या आधी बघा, खाली काय लिहिलंय.

आणि एक काम आहे. ज्या पेंटरनं ती रेघ ओढली होती त्यांना परवा भेटलो. फ्लेक्स आल्यापासून त्यांचा धंदा बसलाय, आता मुलाच्या दुकानात बसतात. म्हणाले, “रंग माझा, पैसे नकोत. पण उंची नक्की पाहिजे. चुकीची रेघ नसलेलीपेक्षा वाईट.” एकदम बरोबर. म्हणून तुमच्याकडं २००५ किंवा २०१९ च्या पुराचे मंडई, वेशीजवळचं देऊळ, जुना स्टँड या भागातले फोटो असतील तर पाठवा. फोटोत पायरी, दाराची चौकट, खिडकी, विजेचा खांब असं काहीतरी न हललेलं दिसलं पाहिजे, म्हणजे टेपनं मोजता येईल. ज्यांच्या घराच्या भिंतीवर अजून पाण्याचा डाग आहे त्यांनी यंदा चुना लावायच्या आधी मला एक हाक मारा.

दोन रेघा ओढायच्यात. एक २००५ ची, एक २०१९ ची. पावसाळ्याच्या आत. मोर आणि सूर्य तसेच राहू देत, त्यांच्या पोटावरून रेघ गेली तर मोर काही तक्रार करणार नाही.

या वेळचा मथळाही ठरलाय. मागच्या वेळी ज्याला सांगायचं राहिलं होतं, त्या दुकानदाराला शेजारी उभा करूनच फोटो काढणार आहे.